फॉलिंग इन्टू इन्फिनिटी: अल्बम घ्यावा की डेमो?

ड्रीम थिएटर हा अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँड ऐकणाऱ्यांना ही भानगड माहीत असतेच. त्यांचं ‘पुल मी अंडर’ हे गाणं एमटीव्हीवर गाजलं, पुढचा अल्बम तेवढा चालला नाही, मग ईस्टवेस्ट या त्यांच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, धोशा लावला की रेडिओवर वाजेल असं काहीतरी द्या. बँडला डबल अल्बम करायचा होता, लेबल एकाच सीडीवर अडून बसलं, आणि १९९७ ला ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ म्हणून जे आलं ते आलं. तेव्हाचे डेमो, म्हणजे अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंग्ज, मात्र बँडने २००७ मध्ये आपल्याच यत्सेजॅम रेकॉर्ड्सवर दोन सीडींत काढले.

साउंडमध्ये अल्बम उजवाच, त्यात वाद नाही. केविन शर्लीचं प्रोडक्शन मोठं आणि स्वच्छ आहे, ‘लाइन्स इन द सँड’मध्ये किंग्ज एक्स बँडच्या डग पिनिकचा आवाज घुसतो तेव्हा मजा येते राव. डेमो त्यामानाने कोरडे, चांगल्या हेडफोनवर तर जास्तच जाणवतं.

लेबलने बॉन जोवीवाल्या डेस्मंड चाइल्डकडे पाठवून ‘यू ऑर मी’चं ‘यू नॉट मी’ करून घेतलं, त्यावर लोक अजून शिव्या घालतात, मला त्याचं तितकंसं काही वाटत नाही. माझं डोकं फिरतं ते ‘बर्निंग माय सोल’ला. डेमोत त्याच्या पोटात एक लांब वाद्यांचा भाग आहे, एवढा चिडका रिफ (तीच तीच वाजणारी गिटारची ओळ) चालू असतो आणि अचानक सगळं मोकळं होऊन गिटार गायला लागते, मग परत तोच राग. अल्बममध्ये तो भाग उचलून ‘हेल्स किचन’ नावाचा वेगळा ट्रॅक केलाय. ऐकायला सुंदरच आहे, नाही कोण म्हणतंय, पण उरलेलं गाणं नुसतं आदळआपट करत संपतं, आणि एकदा डेमो ऐकला की दरवेळी त्या जागी कान थांबतात आणि तिथे काहीच येत नाही.

आता कोणी म्हणेल की कापलं ते बरं झालं, गाणी आटोपशीर झाली. असेलही, आवडीचा प्रश्न आहे. पण डेमोत ‘रेज द नाइफ’ आहे, शिवाय ‘मेट्रोपोलिस पार्ट टू’चा वीसेक मिनिटांचा कच्चा खर्डा आहे, ज्यातून १९९९ चा अख्खा कॉन्सेप्ट अल्बम (एकच गोष्ट सांगणारा) उभा राहिला. हा खर्डा १९९७ च्या सीडीत बसवायला जागा नव्हती म्हणे.

बँड नवीन असेल तर आधी अल्बमच ऐका, उगाच डेमोपासून सुरुवात नको. ‘पुल मी अंडर’वाला ‘इमेजेस अँड वर्ड्स’ अल्बम पाठ असेल तर मी तरी पैसे डेमोवर घालीन.