नाव १०५० टीआय, चिप २०१० ची: ग्राफिक्स कार्डाच्या अदलाबदलीत झालेली फसवणूक

गेम अडखळतोय म्हणून मदत मागितली, आणि त्या मदतीच्या नावाखाली माझं चांगलं चालणारं ग्राफिक्स कार्ड गेलं. बदल्यात हातात आलं ते २०१० सालचं जीटीएस ४५०, ज्याचा बायॉस (कार्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला 'जीटीएक्स १०५० टीआय' असं २०१६ च्या कार्डाचं नाव दिलेलं होतं. हा प्रकार करणारे बरेच आहेत आणि त्यांची पद्धत जवळपास एकच असते. ती पद्धत आणि ती ओळखायच्या खुणा इथे सविस्तर लिहितोय. कोणाचं तरी कार्ड आणि पैसे वाचावेत एवढीच इच्छा आहे.

माझ्या पीसीत जीटीएक्स ७५० टीआय होतं. २०१४ चं कार्ड, ६४० कुडा कोअर (चिपमधले गणितं करणारे बारीक घटक), २ जीबी मेमरी, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. नवे भारी गेम त्याच्यावर चालणार नाहीत हे माहीत होतं, पण मी खेळतो ते जुने गेम मध्यम सेटिंगवर नीट चालायचे. मग एक विचित्र त्रास सुरू झाला. गेम चालू केला की पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत, आणि मग एकदम धक्के. कॅमेरा फिरवला की चित्र अडकायचं, आवाज पुढे आणि चित्र मागे. सेकंदाला साठ फ्रेमचा (म्हणजे साठ चित्रांचा) वेग हवा असेल तर प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. इथे मधल्या काही फ्रेम त्याच्या कितीतरी पट वेळ घेत होत्या. गेम बंद करून थोडा वेळ थांबलं की पुन्हा पहिली काही मिनिटं ठीक.

ही लक्षणं नीट वाचली तर निदान त्यातच आहे. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, म्हणजे काहीतरी गरम होतंय. पण ज्याच्याकडून मी तपासून घेतलं त्याला निदान करायचंच नव्हतं. गेमिंग पीसी 'ट्यून' करून देतो अशी ऑनलाइन जाहिरात करणारा तो माणूस होता. बोलणं अतिशय नम्र, प्रश्न विचारायची पद्धत अगदी जाणकाराची. रिमोट कनेक्शन घेऊन त्याने आधी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि लाल खुणांची यादी दाखवली. 'बघा, सिस्टिममध्ये किती एरर आहेत.' विंडोज असलेल्या कुठल्याही धडधाकट मशीनवर ती यादी उघडा, लाल आणि पिवळ्या खुणा सापडणारच. कुठली सर्व्हिस उशिरा सुरू झाली, कुठे नेटवर्कने उत्तर दिलं नाही, अशा बारीकसारीक नोंदी असतात त्या. घाबरवायला मात्र त्या उत्तम.

मग त्याने 'बूस्टर' नावाचं एक सॉफ्टवेअर टाकलं. त्यावर फार लिहीत नाही. रॅम 'साफ' करणारी अशी सॉफ्टवेअर्स चालू प्रोग्रॅमची मेमरी जबरदस्तीने रिकामी करतात, मग तोच डेटा पुन्हा आणावा लागतो आणि गेम आणखी अडखळतो. वेग वाढवायचा म्हणून त्याने विंडोजचं अँटिव्हायरसही बंद केलं होतं. ते नंतर लक्षात आलं.

खरा डाव पुढे होता. त्याने गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या ग्राफिक्स चिपचा, आलेख दाखवला. वापर चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणाला, 'हे कार्ड शंभर टक्के चालायला हवं, चाळीसच चालतंय. अर्धं मेलंय. कधीही पूर्ण जाईल.'

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ऐकायला ते अगदी पटण्यासारखं आहे आणि पूर्ण उलटं आहे. प्रत्येक फ्रेमसाठी काय काय काढायचं याच्या सूचना प्रोसेसर तयार करतो, आणि कार्ड त्या सूचनांप्रमाणे चित्र काढतं. फ्रेमच्या वेगावर कुठलीही मर्यादा घातलेली नाही, वेग तरीही पडतोय आणि कार्डाचा वापर मात्र कमी आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. कार्डच कमी पडत असतं तर वापर ९७-९९ टक्के दिसला असता, आणि तसा दिसणंही आजाराचं लक्षण नाही, ते त्याचं कामच आहे. बाजूच्याच टॅबवर प्रोसेसरचा वेग दिसतो. माझ्या प्रोसेसरचा वेग त्या क्षणी एक गिगाहर्ट्झच्या आसपास उतरलेला होता, एरवी तो तीनच्या वर असतो. पीसी नुसता पडून असताना वेग कमी दिसणं ठीक आहे, वीज वाचवायला प्रोसेसर तसं करतो. पण ऐन खेळात तो इतका खाली जाणं हा उघड इशारा आहे. तो टॅब त्याने एकदाही उघडला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तेही जाणूनबुजून.

कार्ड दोषी आहे की नाही हे पाहायची एक फुकटची चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. कार्डावरचा भार एकदम कमी होतो. तरीही फ्रेमचा वेग तेवढाच राहिला, तर कार्ड बदलून फारसा फायदा नाही. पैसे मागण्याआधी ही चाचणी जो करून दाखवत नाही, त्याच्याशी व्यवहार थांबवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचा प्रस्ताव असा होता: जुनं कार्ड कुरियरने पाठवा, वर थोडे पैसे द्या, तपासलेलं १०५० टीआय मिळेल. कागदावर ही चांगली बढती. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, ७६८ कुडा कोअर, ४ जीबी मेमरी, पास्कल पिढीतली चिप. कार्ड आलं आणि सोबत अटी आल्या. ड्रायव्हर फक्त मी देतो त्या लिंकवरून टाकायचा. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या साइटवरचा टाकला तर वॉरंटी संपली. विंडोज अपडेट बंद ठेवायचं. बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) किंवा कार्डाची माहिती दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवायचं नाही, कार्डावर ताण येतो. खऱ्या कार्डाला यातली एकही अट लागत नाही. उलट, निर्मात्याच्या साइटवरचा ड्रायव्हर चालणं हीच कार्ड अस्सल असल्याची पहिली कसोटी.

आता कार्ड हातात घेऊन काय दिसतं ते सांगतो. पंख्यावर नवीन स्टिकर, पण धातूच्या पट्टीवर स्क्रूभोवती जुने ओरखडे. मागच्या बाजूला तीन पोर्ट: एचडीएमआय, डीव्हीआय आणि निळा व्हीजीए. तो निळा पोर्ट दिसला की तिथेच थांबायचं. व्हीजीए अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालतो, आणि पास्कल पिढीच्या चिपमधून तो सिग्नल निघतच नाही, त्यामुळे १०५० टीआयवर व्हीजीए पोर्ट असायचं कारण नाही. डीव्हीआय पोर्टही बारकाईने बघा. एका टोकाला आडवी चपटी फट असते. तिच्याभोवती चार बारीक भोकं असतील तर तो अ‍ॅनालॉग सिग्नलही देणारा प्रकार आहे. खऱ्या १०५० टीआयच्या डीव्हीआयला ती चार भोकं नसतात. शिवाय या कार्डाला सहा पिनांची पॉवर केबल लागत होती. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, काही कंपन्यांच्या अस्सल १०५० टीआयलाही ती असते. पण जीटीएस ४५० ला १०६ वॅट लागतात आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून फक्त ७५ मिळतात, म्हणून इथे ती केबल टाळता येण्यासारखी नव्हतीच.

लावल्यावर सगळीकडे नाव एकच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये १०५० टीआय, गेमच्या सेटिंगमध्ये १०५० टीआय, मेमरी ४ जीबी. नावाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. वेग मात्र आधीपेक्षा कमी! थोड्या वेळाने धक्के होतेच, आता सुरुवातीची मिनिटंही जड. टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) सेटिंग वाढवली की गेम बंद पडायचा. व्हल्कनवर (गेमने कार्डाला सूचना द्यायच्या एका पद्धतीवर) चालणारा एक गेम उघडेच ना. त्याला फोन केला तर म्हणाला, 'नवीन कार्ड आहे, सेट व्हायला वेळ लागतो.' ग्राफिक्स कार्ड 'सेट व्हायला' वेळ लागत नाही. पहिल्या दिवशी जो वेग देतं, तोच त्याचा वेग.

या लक्षणांचा उलगडा नंतर झाला. विंडोजला कार्डाचं नाव कळतं ते कार्डावरच्या बायॉसमधल्या ओळख-क्रमांकावरून. बायॉस पुन्हा लिहिला की क्रमांक बदलतो, मेमरीचा आकडाही हवा तो टाकता येतो, आणि त्या क्रमांकाला चालेल असा फेरफार केलेला ड्रायव्हर सोबत दिला की वरवरचं सोंग पूर्ण. चिप मात्र बदलत नाही. जीटीएस ४५० फर्मी पिढीतलं, १९२ कुडा कोअरचं. माझ्या कार्डावर खरी मेमरी १ जीबी होती, म्हणून टेक्स्चर वाढवली की त्यापलीकडे हात घालताना गेम कोसळायचा. फर्मीला व्हल्कनचा आधार कधीच मिळाला नाही, म्हणून तो गेम उघडत नव्हता. आणि एनव्हिडियाने फर्मीसाठी नवे गेम ड्रायव्हर देणं २०१८ मध्ये थांबवलं, म्हणून ड्रायव्हर बदलायला एवढा विरोध. त्याची अट मोडून मी अधिकृत ड्रायव्हर टाकला, तेव्हा स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह 'कोड ४३' आला, म्हणजे बिघाड दिसल्याने विंडोजने कार्ड थांबवलं.

मग जीपीयू-झेड चालवलं. हे छोटं मोफत सॉफ्टवेअर बायॉसमधल्या नावावर विसंबत नाही, थेट चिप ओळखतं. २०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून त्यात बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखायची सोय आहे. माझ्या पडद्यावर नावाच्या आधी चौकटी कंसात 'फेक' असं लिहून आलं, जीपीयूच्या रकान्यात जीएफ१०६ (जीटीएस ४५० ची चिप) आणि शेडरच्या, म्हणजे कुडा कोअरच्या, रकान्यात १९२. खऱ्या १०५० टीआयसाठी तिथे जीपी१०७ आणि ७६८ दिसायला हवं. त्या खिडकीचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. शेवटी मी हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) काढून, मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून चिपवरची कोरलेली अक्षरं पाहिली. तिथेही जीएफ१०६ च. हे करण्याआधी कार्डाचे, स्टिकरचे आणि क्रमांकाचे फोटो काढा आणि परतीचे नियम वाचा, कारण कार्ड उघडलं या सबबीवर परतावा नाकारणारे असतात. बहुतेक वेळा स्क्रीनशॉट आणि पोर्टचे फोटो पुरतात.

राहिला मूळ त्रास. बनावट कार्ड काढून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर पीसी चालवला आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरला भार दिला. बघता बघता तापमान शंभर अंशांच्या उंबरठ्यावर, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या ओळीसमोर 'येस'. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करत होता. पीसी उघडला तर कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक वर उचललेली, तो कोपरा प्रोसेसरपासून सुटलेला, आणि पेस्ट वाळून खडूसारखी भुरभुरीत. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही पिना समोरासमोरच्या जोडीने टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. तापमान उतरलं, वेग स्थिर झाला. माझं ७५० टीआय पूर्णपणे निर्दोष होतं. त्या पेस्टच्या एका नळीसाठी ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं, याचा राग अजून जात नाही.

पुराव्यासकट तक्रार केल्यावर पैसे देण्याच्या माध्यमाकडून वर दिलेली रक्कम परत मिळाली. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, चिपचा फोटो, आणि 'अधिकृत ड्रायव्हर टाकू नका' असा त्याचा लेखी निरोप, या तीन गोष्टी तिथे कामी आल्या. म्हणून अटी फोनवर सांगत असतील तर लिहून मागा. जुनं कार्ड परत आलं नाही. त्याची पोच त्याने लेखी कधी दिलीच नव्हती, आणि पहिल्या तक्रारीनंतर तो उत्तर द्यायचाही थांबला.

रिमोट कनेक्शन दिलं असेल तर आणखी एक काम बाकी राहतं. त्याने टाकलेलं कनेक्शनचं सॉफ्टवेअर न सांगता सुरू होईल असं ठेवलेलं होतं, आणि अँटिव्हायरसच्या अपवादांच्या (न तपासायच्या गोष्टींच्या) यादीत एक फोल्डर घातलेलं होतं. ती यादी उघडून बघा, अनोळखी नोंदी काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. मी महत्त्वाच्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलं, कारण आत अजून काय ठेवलंय याची खात्री देता येईना.

त्याच कार्डाचे तेच फोटो नंतर दुसऱ्या नावाच्या खात्यावर विक्रीला लागलेले दिसले. फोटोत व्हीजीए पोर्ट स्पष्ट दिसतोय. मी ती जाहिरात कळवली आहे. असं कार्ड तुमच्याकडे आलेलं असेल, तर परतीची मुदत संपण्याआधी आजच जीपीयू-झेड चालवून बघा.