सप्पोरोच्या सुसुकिनोत तीन हजार येनचे छप्पन हजार कसे झाले

फेब्रुवारीतल्या हिमोत्सवासाठी जे कोणी एकटे सप्पोरोला निघाले असतील, त्यांच्यासाठी मुद्दाम हे लिहितोय. जपानला चाललोय म्हटलं की घरचे, मित्र, ऑफिसातले सगळे एकच सांगतात, तिथे काही भीती नाही. ते खोटं नाही. विसरलेलं पाकीट पैशांसकट परत मिळाल्याचे किस्से आपण सगळ्यांनी ऐकलेत. पण याच विश्वासावर पोट भरणारी टोळकीही तिथे आहेत, आणि ती नेमकी परक्या, एकट्या माणसाला हेरतात.

मी गेलो तेव्हा जानेवारी संपत आला होता. ओदोरी पार्कात आत्मसंरक्षण दलाचे, म्हणजे जपानी लष्कराचे, जवान परांच्या बांधून बर्फाचे प्रचंड पुतळे घडवत होते. पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो, आणि दिवसभर चालून चालून गोठलेल्या फुटपाथवर रात्री पाय ठरत नाही. दाबला गेलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. चौकाचौकांत पेट्यांमध्ये वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, कोणीही काढून रस्त्यावर टाकाव्यात म्हणून. मी जिंगिसुकान, म्हणजे घुमटासारख्या तव्यावर भाजलेलं मेंढीचं मटण, खायला म्हणून सुसुकिनोत, म्हणजे शहरातल्या बार आणि खानावळींच्या भागात, गेलो होतो. चांगल्या दुकानांबाहेर रांगा होत्या आणि उणे सात-आठ तापमानात लोक शांतपणे उभे होते. मीही उभा राहिलो.

तो मुलगा तिथेच आला. काळा लांब कोट, हातात प्लास्टिकचं आवरण घातलेलं दरपत्रक, इंग्रजी बेताचं पण गोड. पुढे बर्फ घट्ट झालाय, जपून चाला, म्हणत त्याने स्वतः वाळूची पिशवी फोडून माझ्या पायापुढे वाळू टाकली. मग म्हणाला, या दुकानात आता जागा मिळणार नाही, आमचंच दुसरं दुकान शेजारी आहे, तेच मटण, एक तास हवं तेवढं प्या, सगळं मिळून 3,000 येन. दरपत्रकावरही तोच आकडा. दुकान भरलंय, आमच्याच दुसऱ्या शाखेत चला, हे या दलालांचं ठरलेलं वाक्य आहे. ज्या दुकानाचं नाव ते घेतात, त्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नसतो. त्या बिचाऱ्या मालकाला पत्ताही नसतो की आपल्या दारातून गिऱ्हाईक पळवलं जातंय.

दुसरं दुकान एका अरुंद उंच इमारतीत होतं. लिफ्टचं दार उघडलं ते थेट बारमध्येच. मटण नव्हतं, ते ‘येतंय’ होतं. सुक्या खाऊची एक वाटी आली, ग्लास आला, बर्फ-पाण्याचं भांडं आलं. एक मुलगी येऊन बसली आणि मीही काही घेऊ का, असं विचारू लागली. दर वेळी नम्रपणे, हसून. त्या दर हसण्याचा वेगळा भाव आहे, हे कोणी सांगितलं नाही.

बिल पातळ कागदावर हाताने लिहिलेलं होतं. तासाचे 3,000. बसण्याचे 10,000. मुलीची सहा पेयं, प्रत्येकी 3,000 प्रमाणे 18,000. बर्फ आणि पाण्याचे 5,000. त्यावर तीस टक्के सेवाशुल्क, त्यावर दहा टक्के कर, आणि कार्डाने देणार म्हणून त्यावर आणखी दहा टक्के. एकूण 56,628 येन, म्हणजे त्या वेळच्या दराने 32 हजार रुपयांच्या आसपास. बेरीज मात्र चोख होती.

मी दरपत्रक मागितलं. त्यांनी काउंटरमागून दुसरंच काढलं, त्यात हे सगळं बारीक जपानी अक्षरांत छापलेलं. दलालाबद्दल विचारलं तर, तो आमचा माणूसच नाही. दोघे जण लिफ्टच्या दाराशी येऊन उभे राहिले. हात कोणी लावला नाही, आवाजही चढवला नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, पैशांच्या वादात ते पडत नाहीत, असं एकाने अगदी शांतपणे सांगितलं. नाहीतर खाली दुकानातल्या एटीएमपर्यंत आम्ही सोबत येतो. बाहेर बर्फ, भाषा येत नाही, वाट अडवलेली. मी कार्ड दिलं, पिन टाकला.

तिथून थेट पोलीस चौकीत गेलो. तिथल्या पोलिसाने फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने सगळं नीट ऐकलं, इमारत कुठली ते नकाशावर दाखवायला लावलं, बिलाचा फोटो घेतला. पण पैसे दिलेले असले की दर आधी ठरला होता की नाही हा दिवाणी वाद होतो. भारतात परतल्यावर बँकेनेही हात वर केले. आपण न केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, पण जिथे आपणच पिन टाकलाय तिथे तो लागू होत नाही. मला सर्वांत जास्त राग याचाच आहे. हे लोक कायद्यातली ही फट ओळखूनच कार्ड आणि पिनचा आग्रह धरतात.

रस्त्यावर गिऱ्हाईक ओढणं जपानमध्ये बेकायदा आहे. अशा लुटीविरुद्ध टोकियोने 2000 सालीच खास स्थानिक कायदा केला. तरीही हा धंदा चालतो, कारण पर्यटकाचं परतीचं विमान ठरलेलं असतं आणि तक्रारीसाठी तो मागे राहत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. साध्या इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी दुकानात, बसल्या बसल्या न मागता छोटी वाटी येते आणि बिलात तिचे तीनशे ते पाचशे येन लागतात. ती तिथली रीत आहे, फसवणूक नाही, त्यावरून वाद घालू नका. फसवणूक सुरू होते ती रस्त्यावर अडवणाऱ्या माणसापासून. तो कितीही आपुलकीने बोलो, बर्फावर तुमच्यासाठी वाळू टाको, त्याच्यामागे जायचं नाही.

जाण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या परदेशी व्यवहारांची मर्यादा कमी करून ठेवा. ही सोय देणं 2020 पासून बँकांना बंधनकारक आहे. दिवसाची मर्यादा दहा हजार रुपये असती तर त्यांच्या मशीनवर माझं कार्ड चाललंच नसतं. अडकलात तर पैसे देण्याआधी म्हणा, चला, चौकीत बसून हिशेब करू. एटीएमकडे मात्र त्यांच्यासोबत जाऊ नका. पोलिसांचा नंबर 110. जपानच्या पर्यटन संस्थेची मदतवाहिनी 050-3816-2787 चोवीस तास चालू असते, आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं.

रात्री स्टेशनकडून सुसुकिनोला जायचं तर जमिनीखालून जा. सप्पोरो स्टेशन ते ओदोरी आणि तिथून पुढे सुसुकिनोपर्यंत भुयारी पादचारी मार्ग आहे. बर्फ लागत नाही, घसरायची भीती नाही. वर आलात की निक्का व्हिस्कीच्या मोठ्या दिव्यांच्या जाहिरातीचा चौक दिसेल. पोलीस चौकी तिथेच जवळ आहे, ती येतानाच बघून ठेवा.