स्वस्त तिकीट की फक्त बिझनेस क्लासचे विमान : दोन सेवांचे परीक्षण

विमानप्रवासाच्या बाजारात आज दोन टोकांच्या सेवा मिळतात. एका टोकाला किमान भाड्याचे तिकीट आहे, ज्यात बसायला जागा मिळते आणि बाकी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे पडतात. दुसऱ्या टोकाला साधा वर्ग मुळीच नसलेले, सगळ्या आसनांवर बिझनेस क्लासचे प्रवासी बसवणारे विमान आहे. दोन्ही सेवा मी वापरल्या आहेत आणि माझे मत आधीच सांगतो. स्वस्त तिकीट हा पक्क्या हिशेबावर उभा असलेला माल आहे, मात्र तो विकण्याची पद्धत सदोष आहे. फक्त प्रीमियम प्रवाशांचे विमान ही सेवा म्हणून फार चांगली आहे, पण तिचा ताळेबंद इतका नाजूक असतो की त्या सेवेवर विसंबून राहणे कठीण जाते.

दोन्ही बाजूंचा हिशेब समजून घ्यायला एकच विमान पुरेसे आहे. एअरबस ए३२१ निओ या जातीच्या विमानात विझ एअर ही स्वस्त भाड्याची कंपनी २३९ आसने बसवते, आणि ला कोंपान्यी ही फ्रेंच कंपनी त्याच जातीच्या विमानात फक्त ७६. विमानाचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता, दोन वैमानिकांचा पगार, देखभाल, विमानतळावर उतरण्याचे शुल्क यांतले बहुतेक खर्च विमानात किती माणसे बसली आहेत यावर ठरत नाहीत. इंधन थोडे कमी जळेल, पण तेही माणसांच्या प्रमाणात कमी होत नाही, कारण मुख्य वजन विमानाचे आणि इंधनाचे स्वतःचेच असते. म्हणजे जेवण, लाउंज, पलंगासारखे उलगडणारे आसन यांवर एक पैसाही खर्च होण्याआधी त्या ७६ जणांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साध्या प्रवाशाच्या जवळजवळ तिप्पट खर्च आलेला असतो. प्रीमियम भाडे महाग का, याचे निम्मे उत्तर या जागेच्या हिशेबातच आहे. ग्राहकाला वाटते की आपण चांगल्या जेवणाचे पैसे देतो. प्रत्यक्षात तो आपल्या शेजारी न बसवलेल्या दोन माणसांचे भाडे भरत असतो.

आता स्वस्त आसनाकडे जवळून पाहू. पाठ मागे न झुकणारे, गादी बोटभर जाडीची, समोरच्या आसनाच्या पाठीला खिसासुद्धा नाही, आणि सुरक्षेच्या सूचनांचे पत्रक वरच्या बाजूला चिकटवलेले. हे पाहून कंजूषपणा वाटतो, पण त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीमागे वेळेचा विचार असतो. खिसा नसला की त्यात कचरा साचत नाही आणि सफाई लवकर उरकते. पाठ झुकत नसली की यंत्रणा बिघडत नाही आणि वजनही वाचते. साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीने १९७२ मध्ये पैशाच्या अडचणीमुळे आपल्या चार विमानांपैकी एक विकले आणि तरीही चारांचे वेळापत्रक तिनांवर चालवले, प्रत्येक विमान जमिनीवर उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा सोडण्याची शिस्त लावून. विमान उडत असतानाच कमावते, हे तत्त्व त्या दहा मिनिटांतून साऱ्या जगाने उचलले. एकाच जातीची विमाने, एकच दर्जा, प्रवाशाला पुढच्या विमानात बसवून देण्याची, म्हणजे जोडउड्डाणांची, जबाबदारी नाही आणि दिवसभरात जास्तीत जास्त फेऱ्या, एवढ्यावर स्वस्त भाडे खरोखर परवडते. प्रवाशाला छळून ते स्वस्त झालेले नाही, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

छळ सुरू होतो तो विक्रीच्या पडद्यावर. पहिल्या पानावर दिसलेले भाडे, मग आसननिवडीचे पान, मग बॅगेचे, मग विम्याचे, मग लवकर चढण्याच्या सोयीचे. आणि ‘नको’ म्हणण्याचे बटण दर वेळी फिकट रंगात, कोपऱ्यात. एका कंपनीच्या संकेतस्थळावर मला सोबतच्या व्यक्तीशेजारची जागा विकत घेतली नाही तर वेगळे बसावे लागेल अशी सूचना तीन निरनिराळ्या शब्दांत वाचावी लागली. विमानात चढण्याच्या दारापाशी लोखंडी चौकट ठेवलेली असते. त्यात बॅग बसली नाही तर तिथे भरावे लागणारे शुल्क घरबसल्या भरलेल्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि रांगेत मागे उभे असलेले लोक पाहत असताना माणूस वाद घालत नाही, मुकाट्याने कार्ड पुढे करतो. ही वरकड कमाई किरकोळ नाही. रायनएअर या स्वस्त भाड्याच्या युरोपीय कंपनीच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग भाड्याबाहेरच्या विक्रीतून येतो. दोन बॅगा फुकट नेऊ देण्याचा अभिमान मिरवणाऱ्या साउथवेस्टनेही मे २०२५ पासून बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली. ज्याला बॅग न्यायची नाही त्याने इतरांच्या बॅगेचा भार का उचलावा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र लहानशी हातातली बॅग ही प्रवासाची गरजच आहे, आणि तिची किंमत पहिल्या पानावरच दिसली पाहिजे. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने २०२४ मध्ये अशाच प्रथांबद्दल पाच विमान कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले, पण ग्राहकाची तक्रार निराधार नव्हती हे त्यातून दिसते.

फक्त प्रीमियम विमानाचा अनुभव याच्या अगदी उलट. मोजके प्रवासी असल्यामुळे चढणे काही मिनिटांत आटोपते, वरच्या कप्प्यांसाठी झटापट होत नाही, कर्मचाऱ्यांना प्रत्येकाकडे लक्ष द्यायला उसंत असते आणि रात्रीच्या प्रवासात खरी झोप लागते. सेवेला नाव ठेवायला मला फारसे काही सापडले नाही. प्रश्न आहे तो ही सेवा टिकण्याचा. अटलांटिक ओलांडणाऱ्या मार्गांवर ईऑस, मॅक्सजेट आणि सिल्व्हरजेट या तीन कंपन्या अशाच कल्पनेवर उभ्या राहिल्या. ईऑसने बोइंग ७५७ मध्ये केवळ ४८ आसने ठेवली होती. मॅक्सजेट डिसेंबर २००७ मध्ये, ईऑस एप्रिल २००८ मध्ये आणि सिल्व्हरजेट मे २००८ मध्ये बंद पडली. त्याच उन्हाळ्यात कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा भाव गाठला. चौथी कंपनी लाव्हियाँ ब्रिटिश एअरवेजने विकत घेतली.

तेल महागले हे खरे, पण ते सगळ्यांनाच महागले होते. खरे कारण मला वेगळे दिसते. बिझनेस क्लासचा प्रवासी मुख्यतः वेळापत्रक विकत घेतो. बैठक लांबली तर पुढचे विमान मिळावे, आज रद्द झाले तर आजच दुसरे मिळावे, हे त्याला गादीपेक्षा मोलाचे वाटते. दिवसाला एखादीच फेरी करणाऱ्या छोट्या कंपनीला ते देणे शक्य नसते. दिवसात अनेक फेऱ्या असलेली मोठी कंपनी ते देते, आणि तिच्या त्या अनेक फेऱ्या भरतात त्या मागच्या भागातल्या साध्या प्रवाशांमुळे. शिवाय मंदी आली की उद्योगांचा प्रवासखर्च सर्वांत आधी कापला जातो. मिश्र विमानात तेव्हा मागची आसने निदान इंधनाचे पैसे काढतात, फक्त प्रीमियम विमानाला तसा आधारच नसतो. रिकामे गेलेले आसन दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, आणि ७६ पैकी वीस रिकामी राहणे हे २३९ पैकी वीस रिकामी राहण्यापेक्षा फार जीवघेणे असते.

अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. ब्रिटिश एअरवेजने २००९ पासून लंडन शहरातल्या आखूड धावपट्टीच्या विमानतळावरून न्यूयॉर्कला ३२ आसनांचे एअरबस ए३१८ चालवले. जाताना इंधनासाठी आयर्लंडमध्ये शॅनन येथे थांबावे लागे, पण तेवढ्या वेळात अमेरिकेची पारपत्र-तपासणी तिथेच उरकून घेता येई. २०२० च्या महासाथीपर्यंत ही सेवा चालली. सिंगापूर एअरलाइन्सने २००८ ते २०१३ या काळात सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला शंभर बिझनेस आसनांचे थेट विमान चालवून बंद केले, आणि २०१८ मध्ये नव्या ए३५० विमानाने पुन्हा सुरू केले. यातल्या १६१ आसनांत ६७ बिझनेसची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची, म्हणजे साध्या वर्गाहून थोडी ऐसपैस, आहेत, साधा वर्ग नाही. दुसऱ्या कोणाला सहज देता येणार नाही अशी सोय जिथे असते, मग ती शहराच्या मध्यातली धावपट्टी असो की अठरा तासांचा विनाथांबा पल्ला, तिथे नुसता प्रीमियम तग धरतो. निव्वळ आरामाच्या बळावर तो टिकलेला क्वचितच दिसतो.

यावरून स्वस्त भाडे बंद करून विमानप्रवास पुन्हा मोजक्यांचा करावा, असे म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद स्पष्ट होईल. पर्यावरणाची काळजी रास्त आहे, पण माणशी जळणाऱ्या इंधनाचा विचार केला तर ७६ आसनांचे विमान २३९ आसनांच्या विमानाच्या जवळजवळ तिप्पट दोषी ठरते. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, त्याआधी किंमत ठरलेली असल्यामुळे कंपन्या जेवणावर आणि थाटावर स्पर्धा करत आणि अर्धवट रिकामी विमाने उडवत. स्वस्त भाड्याने ती आसने भरली. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पीपल एक्स्प्रेस या स्वस्त भाड्याच्या कंपनीला उत्तर दिले तेही याच वाटेने: आगाऊ घेणाऱ्याला मोजकी आसने अतिस्वस्त, आयत्या वेळच्या ग्राहकाला बाकीची महाग. सरसकट स्वस्त विकणारी पीपल एक्स्प्रेस दोन वर्षांत संपली. जगभरच्या विमान कंपन्यांचा निव्वळ नफा अलीकडच्या काही वर्षांत प्रवाशामागे सरासरी सात डॉलरच्या आसपास राहिला आहे. इतक्या तुटपुंज्या नफ्यात पुढचा प्रवासी आणि मागचा प्रवासी एकमेकांचे विमान चालवतात.

खरेदीचा सल्ला द्यायचा तर दोन-अडीच तासांच्या प्रवासाला किमान भाड्याचे तिकीट निःशंक घ्यावे, बॅग मात्र तिकिटासोबतच नोंदवावी आणि मगच इतर कंपन्यांशी तुलना करावी. युरोपीय संघातल्या देशांतून सुटणाऱ्या विमानांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी: मोठा उशीर किंवा ऐनवेळचे रद्दीकरण कंपनीच्या चुकीने झाले तर २५० ते ६०० युरोंची भरपाई अंतरावर ठरते, तिकिटाच्या किमतीवर नाही, त्यामुळे स्वस्त तिकीट हक्काच्या बाबतीत दुय्यम ठरत नाही. रात्रभराच्या पल्ल्याला, दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम असेल तर, फक्त बिझनेसचे विमान मोठ्या कंपनीच्या बिझनेस क्लासपेक्षा बऱ्याचदा कमी भाड्यात मिळते आणि तेव्हा ते जरूर घ्यावे. पैसे अशा कार्डाने भरावेत की कंपनी बंद पडली तर परत मागता येतील, आणि परतीचे तिकीट फार महिने आधी काढून ठेवू नये.