टाकीवाला छोटा कंप्रेसर आणि ड्रॅग स्लॉट कार: कोल्हापूरचा एक पावसाळा काढल्यानंतर

माझ्या एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशच्या, कंप्रेसरबद्दल परवा सर्व्हिस सेंटरचं शेवटचं उत्तर आलं. तडकलेला वॉटर ट्रॅपचा बाऊल, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी वाटी, 'कन्झ्युमेबल'मध्ये (झिजणाऱ्या भागांत) मोडतो, वॉरंटीत बसत नाही, सुटा मिळत नाही. हवा असेल तर रेग्युलेटरसकट (दाब ठरवणाऱ्या भागासकट) अख्खी असेंब्ली घ्या, बावीसशे रुपये, कुरिअर वेगळं. जुलैपासून चाललेली लढाई इथं संपली. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याने फरकही पडणार नाही, कारण हाच कंप्रेसर रंग बदलून निरनिराळ्या नावांनी विकला जातो. तीन लिटरची टाकी, बिनतेली पिस्टन, ३ बार दाबाला सुरू, ४ बारला बंद. एअरब्रश हातात धरणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो, तेव्हा स्पेक उगाळत बसत नाही.

मी तो घेतला १/२४ मापाच्या ड्रॅग स्लॉट कार रंगवायला, म्हणजे पट्टीतल्या खाचेतून विजेवर सरळ रेषेत शर्यत लावणाऱ्या छोट्या गाड्या. शिरोली एमआयडीसीत मित्राच्या शेडमध्ये आमची एमडीएफची दोन लेनची पट्टी आहे. खऱ्या ड्रॅग शर्यतीच्या पाव मैलाचे १३२० फूट भागिले २४, म्हणजे ५५ फूट, आणि पुढे गाडी थांबायला जागा. एवढी लांबी घरात कुणाच्या मावत नाही. १/६४ वाल्यांचं साडेवीस फुटांत भागतं, पण त्या बॉडीवर रंगकाम करायला जागाच उरत नाही, आणि मला नाद रंगकामाचाच. टॉप फ्युएल आणि फनी कार या खऱ्या ड्रॅग गाड्यांच्या वर्गांच्या शर्यती २००८ पासून हजार फुटांवर आणल्या आहेत. आम्ही मात्र जुन्या गाड्यांचे शौकीन असल्यामुळे पूर्ण पाव मैल धावतो.

आता मुद्दा. या लेक्सनच्या बॉड्या आतून रंगवतात. पारदर्शक पॉलिकार्बोनेट, कागदापेक्षा थोडं जाड, आणि रंग आतल्या बाजूने, म्हणजे बाहेरची चकाकी प्लास्टिकचीच राहते आणि टक्कर झाली तरी रंग ओरखडत नाही. पण यामुळे तुम्ही मारलेला पहिला हात हाच गाडीचा चेहरा होतो. त्यावर मागून कितीही हात मारा, बाहेरून दिसणार पहिलाच. साध्या स्टायरीनच्या मॉडेलवर ठिपका पडला तर बारीक पॉलिश पेपर मारून पुन्हा रंगवता येतं. इथं ती सोय नाही. म्हणून हवेतून पाण्याचा एक थेंब सुटला की बॉडी वाया. मी वॉटर ट्रॅपवर इतकं का लिहितोय असं वाटेल, तर एवढ्यासाठीच. मोटर, आवाज, टाकी, गेज हे सगळं एकीकडे आणि ती छोटी पारदर्शक वाटी एकीकडे.

मे महिन्यात घेतला तेव्हा मी बेहद्द खूश होतो. आवाज इतका कमी की रात्री जेवणानंतर मंगळवार पेठेतल्या घरात चालवला तरी शेजारच्या काकूंनी कधी तक्रार केली नाही. टाकीमुळे हवा धडधडत येत नाही, बारीक रेघ एकसारखी उमटते. १५ पीएसआयवर (साधारण १ बार) दार आणि बॉनेटच्या कडेला सावली द्यायची, २५ वर मोठा भाग भरायचा, रेग्युलेटर कुठेही सरकत नाही. उन्हाळ्यात तीन-चार बॉड्या अशा निघाल्या की मित्रांनी हातात घेऊन उलट्यासुलट्या करून पाहिल्या. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

मग पाऊस लागला. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. पंचगंगेचं पाणी गायकवाड वाड्यापर्यंत येतं त्या दिवसांत घरातली कपाटंसुद्धा ओली लागतात. बाराकुडाची बॉडी हातात होती. १९७० साली खेळण्यांच्या कंपनीची स्पॉन्सरशिप घेऊन अमेरिकेतले ड्रॅग रेसर डॉन प्रुडॉम पिवळी बाराकुडा आणि टॉम मॅकइवन लाल डस्टर पळवायचे, त्या जोडीतली पिवळी. लेक्सनवर गडद रंग आधी आणि फिका नंतर मारतात, नाहीतर गडद रंग फिक्याच्या मागून डोकावतो. त्यामुळे काळ्या रेघा आधी झाल्या, मास्किंग (रंग अडवणारा चिकट थर) काढलं, पिवळ्याचा पहिला हात सुरू केला, आणि मागच्या चाकाच्या कमानीवर थू करून एक थेंब उडाला. मोहरीएवढा. त्याच्याभोवती रंग फाटून गोल पांढरट कडं पडलं. पिवळा मुळात पारदर्शक रंग, त्याला मागून पांढऱ्याचं अस्तर द्यावंच लागतं. अस्तर दिल्यावर ते कडं आणखी उठून दिसलं. ती बॉडी आजही कपाटात आहे.

यात कंप्रेसरचा दोष किती आणि हवेचा किती, हे हिशोबाने बघू. २८ अंशाला ८५ टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हा कंप्रेसर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा ओढतो, म्हणजे तासात १२०० लिटर. ४ बारला दाबल्यावर तीच हवा पाचव्या हिश्शात मावते आणि तेवढी वाफ धरून ठेवू शकत नाही. सलग तासभर चालवला तर १५ ते २० मिली पाणी सुटतं, तीन-चार चहाचे चमचे. ते कुठे तरी जाणारच. काही टाकीच्या तळाशी बसतं, काही ट्रॅपमध्ये, उरलेलं तुमच्या रंगात. भौतिकशास्त्र आहे, कंपनीला दोष नाही.

दोष इथं आहे: ट्रॅपचा बाऊलही पॉलिकार्बोनेटचा. आपल्या गाडीची बॉडी ज्याची तोच माल. न्यूमॅटिकचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पॉलिकार्बोनेटला थिनर आणि अॅसिटोनच्या वाफा चालत नाहीत, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस आट्यापाशी तुकडा निघतो. म्हणून चांगल्या कंपन्या त्यावर तशी सूचना छापतात आणि धातूचा बाऊलही विकतात. रंगकामासाठी म्हणून विकलेल्या यंत्राला, जे जन्मभर थिनरच्याच खोलीत राहणार, त्याला हा बाऊल लावणं मला पटत नाही. माझा जुलैत तडकला. आधी आट्याच्या वर केसाएवढी रेघ, मग फुसफुस, मग प्रेशर ३ बारच्या वर चढेना आणि मोटर थांबेना.

सर्व्हिसला फोन केला तर पहिला प्रश्न, 'बाऊल तुम्ही उघडला होता का?' उघडणारच. पाणी काढायची खालची पिन रोज दाबायची असते आणि आतला फिल्टर धुवायला बाऊल फिरवून काढावाच लागतो, हे त्यांच्याच माहितीपत्रकात छापलंय. मी त्या पानाचा फोटो पाठवला. मग व्हिडिओ मागितला, तोही पाठवला. मग तक्रार क्रमांक बदलला आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक जण 'सर, आय अंडरस्टँड' म्हणून सुरुवात करणार. ज्यांनी खरेदीच्या वेळी जास्तीचे पैसे भरून वॉरंटी दोन वर्षांची करून घेतली असेल, त्यांनी तिच्यात बाऊल, होज आणि ओ-रिंग आहेत का हे आजच वाचून घ्या. नसतील. बिघडतं तेच नेमकं वगळलेलं असतं.

शेवटी शिवाजी उद्यमनगर गाठलं. न्यूमॅटिकच्या दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी तडकलेला बाऊल हातात घेतला, बोटाने आटे चाचपले आणि म्हणाले, "अवो, रंगाच्या खोलीत ह्यो कसा टिकंल? मेटल बाऊलचा एफआर न्या." मी एफआरएल मागायला गेलो होतो, त्यांनी थांबवलं. एल म्हणजे लुब्रिकेटर, तो हवेत तेल सोडतो, ते एअर टूलला लागतं. रंगात तेल गेलं की रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. फक्त फिल्टर आणि रेग्युलेटर, म्हणजे एफआर, पाव इंची, ॲल्युमिनियमचा बाऊल, बाजूला पाण्याची पातळी दिसायला काचेची पट्टी. साडेसातशे रुपये, बिलासकट. वर टेफ्लॉन टेप त्यांनी स्वतः गुंडाळून दिली. बावीसशे मागणाऱ्यांनी हे दुकान एकदा बघायला हवं.

धातूचा बाऊल आला, तडकायचा प्रश्न मिटला, आणि तरी ऑगस्टमध्ये अधूनमधून थेंब येतच राहिला. इथे माझं मत बदललं. कंप्रेसरला चिकटून लावलेला कोणताही ट्रॅप, कितीही चांगला असो, अर्धंच काम करतो. कारण पिस्टनमधून निघालेली हवा गरम असते आणि गरम हवेत पाणी वाफ म्हणूनच राहतं. ट्रॅपला ते पकडताच येत नाही. हवा पुढे होजमध्ये गार होते आणि पाणी तिथे सुटतं, ट्रॅप ओलांडल्यावर. गंगावेशीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या दिवसांत गनने मूर्ती रंगवणाऱ्या एका कारागिराचं काम बघत उभा होतो, त्यांच्याकडे पंपापासून गनपर्यंत लांबलचक पाइप भिंतीवर वेटोळं करून टांगलेला आणि ट्रॅप पाइपच्या शेवटी, हाताशी. पहिली मूर्ती घेण्याआधी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचं, हे ते न चुकता करतात. मी तसंच केलं. कंप्रेसर टेबलाखाली, पुढे पीयू (पॉलियुरेथेन) पाइपचं वेटोळं, आणि एफआर टेबलाच्या कडेला क्लॅम्पवर, तिथून एअरब्रश हाताच्या अंतरावर. त्यानंतर सप्टेंबरच्या भर झडीत लाल डस्टर रंगवली. एकही ठिपका नाही. बाहेरून बघितलं तर काचेखाली रंग ओतल्यासारखी दिसते.

डेकलबद्दलही, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांबद्दल, थोडं लिहायलाच हवं, कारण कंप्रेसरचा उपयोग तिथेही आहे. ज्वाळा आणि मोठी अक्षरं मी डेकलने करत नाही; रेडियमवाल्याकडून प्लॉटरवर मास्क कापून घेतो. रंग आतून असल्यामुळे मास्क उलटे, मिरर करून कापायला सांगावे लागतात. डेकल लागतात ते पुढच्या चाकामागच्या प्रायोजकांच्या छोट्या चौकोनांसाठी. खऱ्या गाड्यांवर ते शोभेसाठी नसतात; त्या कंपनीचं बक्षीस मिळवायचं तर तिचा स्टिकर गाडीवर असावाच लागतो. म्हणून मला ते जागच्या जागी हवेत.

वॉटरस्लाइड डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचा) लेक्सनच्या बाहेरच्या बाजूला छान बसतो, कारण पृष्ठभाग मुळातच गुळगुळीत असतो. मॅट रंगावर येणारी चांदी, म्हणजे फिल्मखाली अडकलेल्या हवेची पांढरी झाक, इथे जवळजवळ येत नाही. पाणी मात्र बोअरचं वापरू नका, सुकल्यावर क्षाराचे डाग राहतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे, तेच कोमट करून घ्या. डेकल अर्धा मिनिट भिजला की कागदावर बोटाने ढकलून पाहायचा, सरकला की तयार. खाली मायक्रो सेट हे डेकल चिकटवायचं द्रावण, त्याला व्हिनेगरचा वास येतो. वर मायक्रो सोल, डेकल मऊ करणारं. सोल लावल्यावर डेकल सुरकुततो आणि जीव घाबरतो, पण हात लावायचा नाही. सुकताना तो स्वतःच ताणला जाऊन कमानीच्या वळणावर बसतो. चिमटा मी गुजरीतून आणलाय, सोनार वापरतात तो, टोकं इतकी नेमकी जुळतात की फिल्म फाटत नाही. मॉडेलच्या दुकानातल्या चिमट्यापेक्षा निम्म्या किमतीत.

डेकलवर क्लिअरचा (पारदर्शक थराचा) हात द्यावाच, नाहीतर दोन शर्यतींत कोपरे उचलले जातात. इथे लॅकर क्लिअर वापरू नका. पॉलिकार्बोनेटवर बाहेरून त्याने चिरा पडू शकतात, आणि बॉडी वाकली की कडक थर तडकतो. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक ग्लॉस, पातळ करून, १५ पीएसआयवर, फक्त डेकलपुरता. सगळ्या गाडीला देऊ नका. या गाड्यांत ग्रॅमभर वजनही वेळेत दिसतं.

आता घ्यावा का? घ्या. मोटर, टाकी आणि रेग्युलेशन यांत मला या किमतीत दुसरं काही सापडलं नाही. पण आठ हजारांचा हिशोब धरू नका, साडेनऊ धरा, कारण ट्रॅप, पाइप आणि जोडण्या तुम्हालाच घ्यायच्या आहेत. वाढीव वॉरंटी घेऊ नका, ते पैसे उद्यमनगरात घाला. टाकीचा ड्रेन अगदी बुडाशी आहे, यंत्र तिरकं केल्याशिवाय हात पोचत नाही. टाकी आतून गंजू नये म्हणून पावसाळ्यात काम संपल्यावर तो रोज उघडा. पाचपैकी साडेतीन. बाऊल वॉरंटीत दिला असता तर साडेचार दिले असते, आणि हे मी सर्व्हिस सेंटरलाही कळवलंय.

दुकानात जाताना जुना होज बरोबर न्या. एफआरचे आटे पाव इंची असतात आणि एअरब्रशच्या होजचे अष्टमांश, दोन्हीमध्ये रिड्यूसर बुश लागतो. पितळेचाच मागा.