पोलीस भरतीचा वाद : आधी मॅट की थेट हायकोर्ट?

शारीरिक चाचणीचे गुण कमी धरले, आरक्षणाचा दाखला नाकारला, निवड यादीतून नाव गेलं. अशा वेळी बहुतेक उमेदवारांना हायकोर्टच आठवतं. पण शिपाई भरती राज्य सरकारची असेल, तर पहिली पायरी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने हा क्रम पक्का केला: आधी न्यायाधिकरण, मग त्याच्या निर्णयाविरुद्ध हायकोर्टाचं खंडपीठ. हायकोर्टात थेट रिट (याचिका) टाकली तर ‘आधी मॅटकडे जा’ हेच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त, आणि तोवर भरतीची गाडी पुढे गेलेली असते.

सीआरपीएफ, बीएसएफचं मात्र उलटं. केंद्राची सशस्त्र दलं न्यायाधिकरण कायद्याबाहेर असल्याने तिथे हायकोर्टच.

मुदतीत मोठा फरक आहे. मॅटकडे अर्ज करायला साधारण एक वर्ष. रिटला ठरावीक मुदत नाही, पण उशिराचा जाब द्यावाच लागतो. (खरं तर नियुक्तिपत्रं वाटून झाल्यावर कुठेही गेलात तरी जड जातं.)

मॅटला दुय्यम समजू नका. २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना शिपाई भरतीत अर्ज करता यावा, हा आदेश मॅटनेच दिला. सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं, पण तिथे खडे बोल ऐकून नियम करायला तयार झालं.

गुन्हा लपवल्यावरून निवड रद्द झाली असेल, तर दोन्हीकडे सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकालच पुढे येतो; अशी माहिती लपवल्यावर काय करायचं, हे त्यातच ठरवलं आहे.