‘नाइस’चं मूळ शोधताना: एटिमऑनलाइनचा अनुभव

नववीचे निबंध तपासत होते. एका वहीत ‘नाइस’ सात वेळा: गाव नाइस, नदी नाइस, आजीच्या हातची भाकरीही नाइस. मी सातही शब्दांना लाल गोल केले. वही हातात घेत मुलगी म्हणाली, “बाई, नाइसमध्ये चुकलं काय पण?”

तेव्हा मोबाईलवर एटिमऑनलाइन उघडलं. डग्लस हार्पर या अमेरिकन माणसाने उभा केलेला, इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा हा कोश. फुकट आहे, जाहिराती तेवढ्या दिसतात.

नोंद वाचत गेले तसा वर्ग शांत झाला. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं. म्हणजेच अडाणी! तेराव्या शतकाच्या अखेरीस जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा नाइस म्हणजे मूर्ख. पुढे भित्रा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं होत होत १७६९ मध्ये ‘छान’ हा अर्थ सापडतो, आणि ‘प्रेमळ’ हा थेट १८३० मध्ये. ‘सायन्स’ही त्याच ‘स्कीरे’चं लेकरू. मला आपलं ‘साहस’ आठवलं. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा, आणि आज आपण त्यासाठी मुलांची पाठ थोपटतो.

वापरताना एक सांभाळा. नोंदीत आकड्यामागे ‘सी’ असेल तर ते शतक, आकड्याआधी ‘सी’ आणि टिंब असेल तर ‘सुमारे’. ‘१३ सी’ म्हणजे तेरावं शतक, म्हणजे बाराशेची सालं. माझी मुलं हमखास तेराशे धरतात. शिवाय साल असतं ते लिखित पुराव्याचं. बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो.

शब्द वाक्यात कसा वापरायचा हे शिकायला मात्र नेहमीचा कोश हवाच. मराठी शब्दांसाठी मी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ टेबलावर ठेवते. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने एटिमऑनलाइन वर्गात उघडावंच, असं मला मनापासून वाटतं.

परवा त्याच मुलीची वही आली. नाइस एकदाच होता, जुन्या ‘काटेकोर’ अर्थाचा: ‘अ नाइस डिस्टिंक्शन’. ओढा आणि नदी यांच्यातला बारीक फरक तिने सांगितला होता.