‘सगळे पार्ट ओमेगाचेच आहेत, साहेब’

जुनं ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ घ्यायच्या विचारात असाल तर टोकन देण्याआधी हे वाचा. मुंबईतल्या एका विक्रेत्याने 1 लाख 10 हजारांना मला जे घड्याळ विकलं, त्यातला जवळपास प्रत्येक भाग ओमेगानेच बनवलेला आहे. तरीही ते कॉन्स्टेलेशन नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं.

मॉडेल सांगितलं होतं 168.005. साठच्या दशकातलं, स्टीलची केस, तारखेची खिडकी, कडेला उतरत गेलेलं बारा पैलूंचं ‘पायपॅन’ डायल, सहाच्या वर छोटा तारा. ओरिजिनल आहे ना, असं विचारल्यावर उत्तर आलं, “शंभर टक्के. सगळे पार्ट ओमेगाचेच आहेत, साहेब.” मागचं झाकण उघडून दाखवा म्हटलं तर म्हणे आत्ताच सर्व्हिस करून गॅस्केट (झाकणाची रबरी कडी) बसवलंय, उघडलं की धूळ आत जाते. आतला म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दुसऱ्याच घड्याळाचा निघाला. मशीनवरचा सीरियल क्रमांक जुळवल्यावर ते उघड झालं. शिवाय संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, हा धोशा चालूच होता.

पुण्यात आमच्या घड्याळजींनी झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, “मशीन झकास आहे हो. पण हे 562 आहे.”

सगळी फसवणूक या एका आकड्यात आहे. साठच्या दशकातल्या 168.005 मध्ये सहसा कॅलिबर, म्हणजे मशीनचा प्रकार, 561 असतो. 562 हे त्याचंच भावंड. तोच तांबूस रंग, तीच ठेवण. नवख्या माणसाला दोन्ही शेजारी ठेवूनही फरक सांगता येणार नाही. पण 561 क्रोनोमीटर दर्जाचं, म्हणजे अचूकतेची अधिकृत चाचणी पास झालेलं, पाच स्थितींत आणि तापमानातल्या फरकात जुळवलेलं, आणि तसं मशीनवर इंग्रजीत कोरलेलं असतं. 562 ओमेगाच्याच सीमास्टरसारख्या घड्याळांत जायचं, त्याला क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र नसायचं. माझ्या घड्याळाच्या डायलवर मात्र ‘क्रोनोमीटर ऑफिशियली सर्टिफाइड’ असं ठसठशीत लिहिलंय. म्हणजे डायल जे सांगतं ते पोटात नाही.

डायलही पुन्हा रंगवलेलं. मूळ पायपॅनचे पैलू धारदार असतात. घड्याळ तिरपं धरलं की उजेड एका पैलूवरून दुसऱ्यावर तुटक उडी मारतो. इथे लॅकरच्या जाड थराखाली त्या धारा बुजल्यात आणि उजेड नुसता घरंगळतो. भिंगातून अक्षरं पाहिली तर शाईच्या कडा फुटलेल्या, आणि मिनिटांच्या रेघा काही ठिकाणी खुणांच्या मध्यावरून सरकलेल्या. काट्यांवरच्या, जुनी म्हणून दाखवलेल्या, अंधारात चमकणाऱ्या थरावर यूव्ही टॉर्च मारला तर टॉर्च बंद केल्यावरही तो बराच वेळ हिरवागार राहिला. त्या काळी या थरात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य असायचं, त्याचं अर्धायुष्य साधारण 12.3 वर्षं. साठ वर्षांनी असा जुना थर टॉर्च बंद झाल्यावर इतका वेळ उजळत राहत नाही. चकाकी नवी भरलेली आहे.

डायल रंगवणं हा काही गुन्हा नाही. आपल्याकडच्या दमट हवेत डायलवर डाग पडायचे, आणि माणसं ते हौसेने नवं करून घ्यायची. वडिलांचं घड्याळ कुणी असं जपलं असेल तर मला त्याचा आदरच आहे. पण रंगवलेलं डायल मूळचं म्हणून विकून त्याचे पैसे लावणं ही चोरी आहे.

फोन केला तर तेच उत्तर: पार्ट ओमेगाचेच आहेत ना? पैसे परत नाहीत, हवं तर दुसरं घड्याळ घ्या. बिलावर फक्त ‘ओमेगा रिस्टवॉच, जुने’ असं लिहिलंय. ना मॉडेल, ना कॅलिबर. हे विसरून झालेलं नाही. वेगळ्या घड्याळाचा फोटो, गॅस्केटचं कारण आणि हे बिल एकत्र ठेवलं की पद्धत दिसते.

हा खेळ लाखाच्या घड्याळापुरता नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्यातल्या लिलावात 1957 सालचं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकांहून जास्त किमतीला गेलं. घेणारी खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं होतं आणि त्यात तिच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. तिथेही भाग बहुतेक अस्सलच होते.

म्हणून ‘ओरिजिनल आहे का’ हा प्रश्न विचारूच नका, त्यावर तयार उत्तर असतं. हे भाग कारखान्यातून एकाच घड्याळात बाहेर पडले का, ते विचारा. तुमच्यासमोर झाकण उघडायला लावा, झाकणाच्या आतला मॉडेल क्रमांक आणि मशीनवरचा कॅलिबर व सीरियल क्रमांक स्वतःच्या फोनवर टिपा. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला कोरलेली वेधशाळा आणि तिच्या वरचे आठ तारे पॉलिशने झिजलेत का, बोट फिरवून बघा. डायल रंगवलंय की नाही, हे बिलावर लिहून मागा.

माझी तक्रार ग्राहक आयोगाकडे जातेय. दरम्यान त्याच विक्रेत्याने आणखी एक 168.005 विकायला काढलंय, आणि आतला म्हणून लावलेला फोटो मला पाठवला होता तोच आहे.